जुन्या शिडाच्या बोटीच्या खिडक्या बदलायच्यात, फ्रेम ठेवू की काढू?

खाडीवरचा_कोल्हापुरी
नमस्कार मंडळी. विषय कोल्हापूरसाठी जरा वेगळा आहे पण इथं फाउंड्रीवाले, फॅब्रिकेशनवाले, गाड्यांच्या काचा बसवणारे सगळे असतात म्हणून इथंच विचारतोय.

मी आणि माझे दोन मावसभाऊ, तिघांत मिळून एक जुनी शिडाची बोट आहे. २७ फुटी, फायबरची, १९७३ ची इंग्लंडमधली बांधणी. मुंबईतल्या एका गृहस्थांकडनं चार वर्षांपूर्वी घेतली. सध्या विजयदुर्गच्या खाडीला ओळखीच्यांच्या वाडीत किनाऱ्यावर ओढून, टेकू लावून, ताडपत्री टाकून ठेवलीय. महिन्यातनं दोनदा शनिवारी पहाटे निघतो, गगनबावड्यावरनं खाली उतरतो, दोन दिवस काम करतो आणि परत.

केबिनला सहा खिडक्या आहेत, चार मोठ्या लांबट आणि पुढं दोन लहान. मोठी साधारण ७०० मिमी लांब. ॲल्युमिनियमची फ्रेम, त्यात ॲक्रिलिक आणि भोवती रबर. ॲक्रिलिकला केसासारख्या बारीक चिरा पडल्यात, सकाळचं ऊन तिरकं आलं की आतनं बघताना चांदीच्या तारांची जाळी लावल्यासारखं दिसतं आणि पलीकडचा किल्ला काही दिसत नाही. रबर दगड झालंय, नखानं तुकडे पडतात. फ्रेमच्या कोपऱ्यात स्क्रूच्या भोवती पांढरी पावडर. आणि गेल्या पावसाळ्यात ताडपत्री उडाली तेव्हा डाव्या बाजूच्या झोपायच्या फळीवर बोटभर पाणी. आधीच्या कुणीतरी वरनं सिलिकॉन थापलंय, थरावर थर, किमान तीन वेगळ्या रंगांचं.

आता आमच्यात मतभेद आहेत. मला जुन्या फ्रेमा काढून, साफ करून, नवीन ॲक्रिलिक घालून परत बसवाव्यात असं वाटतं. मोठा भाऊ म्हणतो फ्रेम भंगारात घाल, भोकापेक्षा मोठी शीट कापून बाहेरनं सरळ चिकटवून टाकू, आजकाल सगळे तसंच करतात. धाकटा म्हणतो पॉलीकार्बोनेट लाव, हातोडा मारला तरी फुटत नाही. मला बोट जशी होती तशी दिसायला हवी. पन्नास वर्षांची बोट आहे, तिचा चेहरा त्या खिडक्यांतच आहे. पण पाणी आत येता कामा नये हेही तितकंच खरं. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

रंकाळा_वॉकर
कोल्हापुरात शिडाची बोट!! भावा आधी फोटो टाक. रंकाळ्यात आणणार असशील तर खिडक्या पुसायला मी येतो रोज सकाळी.

फाउंड्रीवाला
दादा फ्रेमा टाकू नका एवढं पहिल्यांदा सांगतो. शिरोलीला आमचं छोटं युनिट आहे, बहुतेक काम बिडाचं पण गनमेटलचीपण भट्टी लावतो, पंपाचे इंपेलर वगैरे. जुन्या बोटींना पितळी खिडक्या असायच्या त्या खरं म्हणजे चांगल्या असतील तर ब्राँझ नाहीतर गनमेटल असायच्या, साधं पितळ खाऱ्या पाण्यात टिकत नाही, त्यातला जस्त निघून जातो आणि मागं नुसतं लालसर ठिसूळ तांबं राहतं, बोटानं मोडतं. गनमेटल म्हणजे ८५-५-५-५, ८५ टक्के तांबं आणि कथील शिसं जस्त पाच-पाच. ते समुद्रात पिढ्या काढतं. तुम्हाला हवं तर ओतून देतो.

खाडीवरचा_कोल्हापुरी
@फाउंड्रीवाला दादा हे तर डोक्यातच नव्हतं. मग माझी जुनी फ्रेमच रेतीत दाबून त्याचाच साचा केला तर चालेल का? म्हणजे पॅटर्नचा, म्हणजे रेतीत ठसा उठवायच्या नमुन्याचा, खर्च वाचेल.

फाउंड्रीवाला
नाही चालणार आणि इथंच लोक फसतात. धातू गार होताना आकसतो. गनमेटलला साधारण दीड टक्का धरा. तुमची फ्रेम ७०० मिमी असेल तर ओतून आलेली फ्रेम दहा-साडेदहा मिमीनं लहान येणार, भोकात खुळखुळ वाजेल. म्हणून पॅटर्नवाला वेगळी पट्टी वापरतो, तिच्यावरचा इंचच मुळात थोडा मोठा असतो. लाकडाचा पॅटर्न नवीन करावा लागेल, आणि डावी उजवी सारखी नसेल तर दोन.

दुसरी गोष्ट मी माल विकायला बसलोय तरी सांगतो. गनमेटल ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जास्त जड. चार मोठ्या फ्रेमा गनमेटलच्या केल्या तर एवढं वजन बोटीच्या वरच्या अंगाला जाणार, ते शिडाच्या बोटीला चांगलं का वाईट तुम्हीच ठरवा. पुढच्या दोन लहान उघडझाप होणाऱ्या असतील तर त्या जरूर करा. मोठ्यांना मी नाही म्हणेन.

परदेशी_पावणा
मूळचा कागलचा, सध्या इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर. माझ्याकडं ३१ फुटी १९७५ ची आहे आणि हे काम मी दोनदा केलंय, पहिल्यांदा चुकीचं, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्या वेळी मी तुमच्या मोठ्या भावासारखं केलं. फ्रेमा काढल्या, ८ मिमीची शीट कापली, भोवती स्क्रूसाठी भोकं पाडली, फटी बुजवायचं सीलंट भरपूर लावलं आणि स्क्रू आवळले, चांगले गच्च. सीलंट चारी बाजूनी बाहेर आलं, पुसून घेतलं, देखणं काम झालं. पुढच्या उन्हाळ्यात चार पैकी तीन खिडक्या गळायला लागल्या आणि एका भोकापासनं चीर निघाली. कारण साधं होतं. सगळं सीलंट मी दाबून बाहेर काढलं होतं, आत कागदाएवढा थर उरला होता. ॲक्रिलिक उन्हानं वाढतं. मीटरमागं एका डिग्रीला साधारण ०.०७ मिमी, काचेच्या सात-आठ पट. ७०० मिमीची खिडकी, सकाळ-दुपारमध्ये ३० डिग्रीचा फरक, म्हणजे दीड मिमी लांबी वाढली. फायबरची भिंत त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी वाढते. मग राहिलेला एक मिमी कुठं जाणार? कागदाएवढा थर एवढं ताणलं की सुटतो, आणि स्क्रू भोकात घट्ट असेल तर शीट तिथनंच फुटते. कोकणातल्या उन्हात गडद शीट लावलीत तर ३० डिग्रीसुद्धा कमीच धरले म्हणायचे.

दुसऱ्या वेळी स्क्रू लावलेच नाहीत. शीटच्या आतल्या कडेनं ३ मिमी जाडीची दोन्ही बाजूनी चिकटणारी फोमची टेप, तीच अंतर राखते, आणि टेपच्या बाहेरच्या पट्ट्यात इमारतींच्या काचेच्या दर्शनी भिंतींना वापरतात ते स्ट्रक्चरल सिलिकॉन, डाऊ ७९५. सहा हंगाम झाले, थेंब नाही.

पण एक खरं सांगू का, दिसायला ती बोट आता वेगळी दिसते. काळे चष्मे लावल्यासारखी. तुम्हाला चेहरा जपायचा असेल तर फ्रेमच ठेवा. फ्रेमची पद्धत वाईट नाही, तुमच्या फ्रेमा पन्नास वर्षं टिकल्या की.

बसबॉडी
आमच्याकडं गाड्यांच्या काचा रबरात बसवत्यात. एका अंगाला काच आन् दुसऱ्या अंगाला पत्रा, मधी रबर. रबराच्या पत्र्याकडच्या खाचंत दोरी घालायची, साबणाचं पाणी लावायचं, काच बाहेरनं दाबून धरायची आन् आतनं दुसऱ्यानं दोरी हळू हळू ओढायची, रबराची जीभ आपोआप पत्र्यावर चढती. दोन माणसं, धा मिनिटं. सीलंट न्हाई, स्क्रू न्हाई. ह्यो उद्योग कशाला मग? दर मीटरवर रबर मिळतंय.

परदेशी_पावणा
@बसबॉडी भाऊ काम लई छान असतं तुमचं, गावाकडं लहानपणी बघत उभा राहायचो. आणि काही छोट्या बोटींना तसं रबर असतंच. पण खाडीतनं बाहेर समुद्रात जायचं असेल तर मी नाही लावणार. एक घनमीटर खारं पाणी १०२५ किलोचं. अशी लाट आडवी केबिनवर आदळली तर नुसत्या रबरातली शीट आत ढकलली जाऊ शकते, आणि एवढ्या मोठ्या भोकातनं किती पाणी येईल बघा. म्हणून एकतर शीट बाहेरनं, भोकापेक्षा मोठी, म्हणजे पाण्याचा दाब तिला भिंतीवरच दाबतो. नाहीतर आतबाहेर दोन फ्रेमा स्क्रूनी एकमेकींना धरून.

बसबॉडी
व्हय, हे पटलं. बसवर लाट येत न्हाई. पण दोरीची युक्ती ध्यानात ठेवा, फ्रेमंत रबर भरताना उपेगाला ईल.

मंगळवारपेठकर
आमच्या जुन्या घराच्या खिडक्यांची आठवण झाली. सागवानी चौकट, काचेच्या छोट्या तावदानांना बाहेरनं लांबी भरलेली, खडूची भुकटी आणि जवसाचं तेल मळून. सुतार मामा ती चपातीच्या कणकेसारखी मळत बसायचे आणि आम्ही पोरं त्याचे बैल करायचो. २०१९ च्या पुरात घरात पाणी छातीपर्यंत, आठ दिवसांनी चिखल काढला तेव्हा सागवान फुगलंसुद्धा नव्हतं, नंतर बसवलेली प्लायची कपाटं मात्र पापडासारखी सुटली. तेव्हापासनं मला जुनं काढून टाकायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. फ्रेमा ठेवा.

शीटवाले_काका
लक्ष्मीपुरीत ॲक्रिलिक, पॉलीकार्बोनेट शीटचं काम करून तीस वर्षं झाली, त्यामुळं धाकट्या भावाला उत्तर देतो.

पॉलीकार्बोनेट फुटत नाही हे खरं. पण ते मऊ आहे, ओरखडे लगेच पडतात, आणि उन्हासाठी वरनं लेप असतो तो गेला की पिवळं पडून धुरकट होतं. शिवाय दाबाखाली ॲक्रिलिकपेक्षा जास्त वाकतं, वाकलं की कडेनं चिकटवलेलं सुटतं. तुमच्या खिडकीसाठी कास्ट ॲक्रिलिक घ्या. कास्ट म्हणजे साच्यात ओतून केलेलं, हा शब्द लक्षात ठेवा. एक्स्ट्रूडेड, म्हणजे यंत्रातनं दाबून काढलेलं, स्वस्त मिळतं पण त्यात आत ताण राहिलेला असतो, भोक पाडलं किंवा कुठलं थिनर लागलं की त्याच बारीक चिरा लवकर येतात. फ्रेममध्ये बसवणार असाल तर खाच मोजा, जुनी ५ किंवा ६ मिमीची असेल, तेवढीच जाडी.

आणि पुसायला ॲसिटोन, थिनर, अमोनियावालं काच पुसायचं पाणी यातलं काही लावू नका. साधा भांड्याचा साबण आणि मऊ कापड. तुमच्या जुन्या शीटला ज्या चिरा आहेत त्या अर्ध्या उन्हानं आणि अर्ध्या कुणीतरी काचेच्या फवाऱ्यानं पुसून पुसून आल्या असतील.

धाकटा_मावसभाऊ
मीच तो धाकटा. काका, पण पुढं नांगराची साखळी उडाली, शिडाचा आडवा दांडा लागला तर? ॲक्रिलिक तुकडे होऊन आत झोपलेल्या माणसावर पडेल.

शीटवाले_काका
बरोबर विचारलंत. पुढच्या दोन लहान खिडक्यांना, जिथं मार लागायची शक्यता आहे, तिथं दोन्ही बाजूनी उन्हाचा आणि ओरखड्याचा लेप असलेलं पॉलीकार्बोनेट लावा, हवं तर दहा वर्षांनी बदला. लहान तुकडा आहे, खर्च किती येणार. मोठ्यांना कास्ट ॲक्रिलिक. घरात दोघांचंही राहिलं.

देवगडची_लेक
माहेर देवगड, सासर शाहूपुरी. माझे आजोबा तांडेल, म्हणजे गलबताचे प्रमुख, होते, मुंबईपर्यंत गलबतातून कौलं नि लाकूड न्यायचे. त्या गलबताला खिडक्या नव्हत्याच त्यामुळं फ्रेमविषयी काही सांगू शकत नाही, पण पाण्याविषयी सांगते.

तुम्ही लिहिलंय डाव्या फळीवर पाणी आलं म्हणजे खिडकी गळते. कशावरून? आमच्या कौलारू घरात पावसात थेंब जिथं पडायचा त्याच्यावरचं कौल कधीच फुटलेलं नसायचं. पाणी वर कुठंतरी शिरायचं, वाशाच्या पोटाला चिकटून चार हात खाली सरकायचं आणि गाठ आली की टपकायचं. आजोबा वर चढायच्या आधी आतनं वाशावर बोट फिरवत फिरवत ओल शोधायचे. बोटीचंही तसंच असतं असं ते म्हणायचे. तुमच्या बोटीच्या छतावर धरायच्या दांड्या असतील, डोलकाठीच्या तारांचे बोल्ट असतील, ते आधी बघा. नाहीतर सहा खिडक्या नव्या कराल आणि फळी ओलीच राहील.

आणि खिडकी काढलीत की भोकाच्या कडेला पेचकसानं टोचून बघा. आतलं लाकूड मऊ लागलं तर सगळं थांबवा, आधी ते.

परदेशी_पावणा
ताईंनी सगळ्यात महत्त्वाचं लिहिलंय आणि मी ते विसरलो होतो. ७० च्या दशकातल्या बऱ्याच बोटींची केबिनची भिंत म्हणजे आत फायबर, बाहेर फायबर आणि मधे प्लाय नाहीतर बाल्सा, म्हणजे अगदी हलकं लाकूड. खिडकीचं भोक कापल्यावर ती मधली कड तशीच उघडी ठेवायचे, भरवसा सगळा सीलंटवर. सीलंट गेलं की प्लाय पाणी पितो.

गळती शोधायची एक पद्धत देतो. बोटीची बाकी सगळी भोकं, दार, झडपा टेपनं बंद करा आणि एका भोकातनं पानं उडवायचा ब्लोअर आत सोडा, हलकासा दाब तयार होतो. मग बाहेरनं प्रत्येक जोडावर, बोल्टवर साबणाचं पाणी ब्रशनं लावा. जिथं बुडबुडा येईल तिथं पाणी आत येतं. ब्लोअर नसेल तर पाण्याची नळी, पण खालनं वर. एकदम वरनं पाणी सोडलं तर कुठनं शिरलं ते कळत नाही.

रंकाळा_वॉकर
सायकलची ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर काढतात तसंच की! फोटो अजून आला नाही.

मुक्त_विहारी
प्रश्न थोडा वेगळा. पन्नास वर्षांची बोट, जुन्या खिडक्या, मग अशा बोटीनं लांब जाता येतं का खरंच, की नुसती खाडीत फिरायची?

परदेशी_पावणा
@मुक्त_विहारी जाता येतं म्हणजे काय! पहिल्यांदा एकट्यानं, कुठंही न थांबता जगाला वळसा घातला ती बोट मुंबईत बांधलेली होती. सुहैली. ३२ फुटी, आपल्या सागवानाची, आपल्या कारागिरांनी घडवलेली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८ च्या जूनमध्ये फाल्मथहून निघाले आणि १९६९ च्या एप्रिलमध्ये ३१२ दिवसांनी तिथंच परत आले. ती शर्यत होती, नऊ जण निघाले होते, पोहोचले ते एकटे. दक्षिण समुद्रात बोट आडवी झाली तेव्हा केबिनच जागची हलली होती आणि पुढं सगळा प्रवास तशाच बोटीतनं केला.

मंगळवारपेठकर
आणि आपले दिलीप दोंदे! २००९-१० मध्ये म्हादेईवरनं एकट्यानं जगप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. ती बोट गोव्यात बांधलेली. मग २०१२-१३ मध्ये त्याच म्हादेईवरनं अभिलाष टॉमी कुठंही न थांबता. तेच पुढं २०२२ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत, एकट्यानं न थांबता जगाला वळसा घालायच्या, दुसरे आले, तिथं तर १९८८ च्या आधीच्या आराखड्याच्याच बोटी चालतात. मी त्या वेळी रोज रात्री झोपायच्या आधी नकाशावर ठिपका कुठं आहे ते बघायचो.

मुक्त_विहारी
ही माहितीच नव्हती. सुहैली मुंबईची हे वाचून अंगावर काटा आला.

अॅडमिन_आबा
वाचायला छान वाटतंय पण जगप्रदक्षिणेसाठी वेगळा धागा काढा मंडळी. इथं खिडक्या.

खाडीवरचा_कोल्हापुरी
सगळ्यांचे मनापासून आभार. या शनिवार-रविवारी डाव्या बाजूची मधली खिडकी काढली. काय झालं ते लिहितो.

स्क्रू स्टीलचे, फ्रेम ॲल्युमिनियमची, दोघांचं खाऱ्या पाण्यात जमत नाही म्हणून ती पांढरी पावडर. चौदापैकी सहा स्क्रू सुटले. बाकीच्यांना शनिवारी रात्री गंज सोडवायचं तेल सोडलं, रविवारी सकाळी सोल्डरिंगच्या गनचं टोक एकेका स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर धरलं, मग इम्पॅक्टच्या पेचकसावर हातोडीचे टोले. पाच आले. तिघांची डोकी ड्रिलनं उडवावी लागली. मग पुट्टीची पातळ पाती सगळीकडनं फिरवून जुनं सिलिकॉन कापत कापत फ्रेम सुटली, अजिबात न वाकता. ती हातात आली तेव्हा आम्ही तिघंही काही बोललो नाही. फ्रेमच्या आतल्या अंगाला पेन्सिलीनं एक आकडा आणि बाण काढलेला आहे, पन्नास वर्षांपूर्वी कारखान्यात कुणीतरी काढलेला, परवा लिहिल्यासारखा स्वच्छ. त्या क्षणी भंगारात घालायचा विषय मोठ्या भावानंच बंद केला.

पण ताई तुमचं बरोबर निघालं. खालच्या कडेला पेचकस पाऊण इंच आत गेला. प्लाय काळा, ओला, चहाच्या चोथ्यासारखा हाताला आला. खालच्या कडेचा साधारण हातभर पट्टा गेलाय. वरची आणि बाजूची कड कोरडी ठणठणीत.

देवगडची_लेक
वाईट वाटलं वाचून. पण आत्ता सापडलं हे चांगलं. घाईनं भरू नका, ओल राहिली तर आतच कोंडली जाईल.

परदेशी_पावणा
हातभर म्हणजे काहीच नाही, मी अख्खी भिंत केलीय. ड्रिलला वाकवलेला खिळा लावून दोन फायबरच्या मधला सगळा मऊ प्लाय कुरतडून काढा, कडक लाकूड लागेपर्यंत. बल्ब लावून, पंखा लावून दोन-तीन आठवडे वाळवा. मग आधी पातळ एपॉक्सी, दोन भाग मिसळले की कडक होतं ते, ब्रशनं आत पाजायचं, ते ओलं असतानाच घट्ट केलेलं एपॉक्सी दाबून भरायचं. आणि बाकीच्या कोरड्या कडांनाही एपॉक्सीचा हात द्या, भोकाची एकही कड उघडी ठेवू नका. पुढच्या वेळी सीलंट गेलं तरी पाणी लाकडापर्यंत पोचणार नाही.

फाउंड्रीवाला
पेन्सिलीचा आकडा वाचून छान वाटलं. पॅटर्नवालेपण असाच आकडा टाकतात. फ्रेमला ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या जोरानं रेती मारून साफ, करायला देणार असाल तर थांबा, ती पातळ पट्टी वाकेल. कॉस्टिकमध्ये बुडवून जुना थर काढतात आणि परत ॲनोडाइज करतात, म्हणजे वीज सोडून वर टिकाऊ थर चढवतात, ते करणाऱ्याला कोपऱ्याचे जोड दाखवा आधी. आणि आकडा जाईल, त्याचा फोटो काढून ठेवा.

खाडीवरचा_कोल्हापुरी
काढलाय दादा, दहा काढलेत. आता सीलंटचं सांगा कुणीतरी. फ्रेम आणि भिंतीच्या मधे काय भरू? दुकानात बाथरूमचं सिलिकॉन गळ्यात मारत होते.

शीटवाले_काका
ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन घेऊ नका, त्यातलं आम्ल ॲल्युमिनियम खातं. घ्यायचंच तर न्यूट्रल क्युअर, म्हणजे सुकताना आम्ल न सोडणारं. आणि पॉलीसल्फाइड नावाचं सीलंट बोटीच्या लाकडी जोडांना उत्तम म्हणतात पण ते ॲक्रिलिकला लागू देऊ नका, शीट खराब होते.

परदेशी_पावणा
फ्रेमला ब्युटाइल टेप. काळी-राखाडी, च्युइंगमसारखी, कधीच सुकत नाही म्हणून हलणाऱ्या जोडाला बरी. फ्रेमच्या मागं सगळीकडनं लावा, स्क्रूच्या मुळाशी छोटी वळकटी गुंडाळा, आणि पहिल्या दिवशी अर्धेच आवळा. ती हळू हळू सरकते. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन तापल्यावर थोडं, आठवड्यानं परत थोडं. बाहेर आलेली सुरीनं कापायची. फ्रेम आतबाहेर स्क्रूनी धरलेली असल्यामुळं चिकटायची गरजच नाही, फक्त भरायचं काम आहे. दहा वर्षांनी काढायची वेळ आली तर हातानं निघेल, आत्तासारखे टोले घालावे लागणार नाहीत.

स्क्रू ३१६ स्टेनलेसचे घ्या, ते खाऱ्या पाण्यात जास्त टिकतं, ३०४ नको, आणि ॲल्युमिनियमला लागतील तिथं धातू-धातूत अडसर ठेवणारी पेस्ट.

पण त्याआधी जुनं सिलिकॉन कणभरही राहता कामा नये. त्याच्यावर रंग बसत नाही, एपॉक्सी बसत नाही, काहीच बसत नाही. आधी खरवडा, मग ते विरघळवणारं मिळतं ते लावा, मग सॅंडपेपर. सॅंडपेपर आधी मारलात तर ते फायबरभर पसरतं.

धाकटा_मावसभाऊ
शीट कापायचं काम माझ्याकडं आलंय. काका, भोकं नाहीत फ्रेममध्ये, त्यामुळं तो प्रश्न मिटला, पण कडा?

शीटवाले_काका
जुनी शीट कागदावर ठेवून रेघ मारू नका, ती आकसलेली, वाकलेली असते. फ्रेमची खाच मोजा आणि चारी बाजूला एक-दीड मिमी मोकळी ठेवा, शीटला वाढायला जागा हवी. जिगसॉला बारीक दाताचं पातं, वेग कमी, वरचा कागद काढू नका. कापल्यावर कड कानशीनं आणि मग पाण्याच्या कागदानं गुळगुळीत, धारदार कोपरा ठेवायचा नाही, चीर तिथनंच सुरू होते. प्रत्येक शीटवर नंबर टाका, डावी-उजवी, वर-खाली. सहाच्या सहा वेगळ्या निघणार बघा.

खाडीवरचा_कोल्हापुरी
दोन महिने झाले, कळवायचं राहिलं होतं.

डाव्या बाजूच्या दोन मोठ्या खिडक्या झाल्या. प्लाय काढून एपॉक्सी भरलं, वाळवायलाच तीन आठवडे गेले. फ्रेमा परत ॲनोडाइज होऊन आल्या. काका, शीटा तुमच्याकडनंच घेतल्या, आणि खरंच, दोन्ही खिडक्या लांबीत ४ मिमीनं वेगळ्या. रबर भरताना बसबॉडी भाऊंची दोरी वापरली. एका कोपऱ्यात रबर चढत नव्हतं तिथं साबणाचं पाणी आणि दोरी, आणि टक्क असा आवाज होऊन बसलं. ब्युटाइल तीन हप्त्यांत आवळली.

काल ब्लोअर लावून साबणाचं पाणी मारलं. दोन्ही खिडक्यांच्या भोवती एक बुडबुडा नाही. पण छतावरच्या धरायच्या दांडीच्या मागच्या बोल्टला एवढा मोठा फुगा आला की धाकट्यानं आरोळीच ठोकली. बरोबर ओल्या फळीच्या वरच्या अंगाला, दीड हात पुढं. देवगडची_लेक ताई, तुमच्या आजोबांचा वासा. खिडकीची खालची कड त्याच पाण्यानं कुजली असावी असं आता वाटतंय, कारण बोल्टपासनं कडेपर्यंत आतल्या फायबरवर तपकिरी ओघळ दिसतो, आधी तो अस्तराच्या मागं होता.

उजवी बाजू दिवाळीनंतर, त्याआधी दांड्या काढून सगळे बोल्ट परत बसवतोय. पुढच्या दोन लहान खिडक्यांचं फाउंड्रीवाला दादांशी बोलणं झालंय, पॅटर्नचं लाकूड घेतलंय. आणि संध्याकाळी आत बसून चहा पिताना डाव्या खिडकीतनं अख्खा विजयदुर्ग दिसला, तटबंदीवर भरतीचं पाणी लागलेलं, एकेक दगड वेगळा.

देवगडची_लेक
आज आईला फोन करून हे वाचून दाखवलं. आजोबांचं नाव निघालं की ती रडते, आज हसली.

फाउंड्रीवाला
पॅटर्न पुढच्या बुधवारी तयार आहे. ओतताना तिघंही या, भट्टी संध्याकाळी सहाला लावतो.

रंकाळा_वॉकर
फोटो??

खाडीवरचा_कोल्हापुरी
उद्या टाकतो, शपथ. कास्ट ॲक्रिलिकचा ६ मिमीचा साधारण दोन फूट बाय एक फूट तुकडा उरलाय, कुणाला हवा असेल तर बुधवारी शिरोलीला घेऊन येतो.